मॅकमास्टर स्लाइड : जंत किती कमी झाले, हे सांगणाऱ्या साधनाचे परीक्षण

शेळीला जंताचे औषध पाजल्यानंतर ते लागू पडले की नाही, हे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शेळीच्या अंगावरून ठरवले जाते. केसांना तकाकी आली, हगवण थांबली, जबड्याखाली उतरलेले पाणी ओसरले, की औषध चांगले. तसे झाले नाही तर पुढच्या वेळी दुकानातून दुसऱ्या नावाची बाटली आणायची. धुळे जिल्ह्यातल्या साक्री, पिंपळनेर भागातल्या वाड्यांवर पशुवैद्यक म्हणून काम करताना ही पद्धत मला सतत खटकत आली आहे, कारण ही सगळी लक्षणे औषधाशिवायही बदलतात. पाऊस उघडला, चारा सुधारला, करडांचे दूध तुटले, तरी शेळी सावरते. औषधाने जंत किती कमी झाले हे सांगायचे असेल, तर आधी किती होते आणि नंतर किती उरले हे मोजलेच पाहिजे, आणि लेंड्यांतल्या अंड्यांवरून ती मोजणी करण्यासाठी जे साधन मी नियमित वापरतो त्या मॅकमास्टर स्लाइडचे हे परीक्षण आहे.

स्लाइडचे नाव ऑस्ट्रेलियातल्या सिडनी येथील मॅकमास्टर प्रयोगशाळेवरून पडले. तिथल्या गॉर्डन आणि व्हिटलॉक या दोघांनी १९३९ मध्ये मेंढ्यांच्या लेंड्यांमधली जंतांची अंडी मोजण्याची ही रीत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून तिचा गाभा फारसा बदललेला नाही. एकावर एक बसवलेल्या दोन पारदर्शक पट्ट्यांमध्ये दीड मिलिमीटरची पोकळी असते. वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद असे दोन चौकोन आखलेले असतात. प्रत्येक चौकोनाखाली ०.१५ मिलिलिटर द्रव मावतो, म्हणजे दोन्ही मिळून ०.३० मिलिलिटर. चार ग्रॅम लेंड्या मिठाच्या ५६ मिलिलिटर संपृक्त पाण्यात घालून कुस्करल्या, गाळून घेतल्या आणि ते पाणी स्लाइडमध्ये भरले, तर दोन चौकोनांत दिसलेल्या अंड्यांच्या संख्येला ५० ने गुणायचे. आलेला आकडा म्हणजे एक ग्रॅम लेंड्यांमधली अंडी. पन्नास हा गुणक कुठून आला हे एकदा कळले की विसरत नाही : चार ग्रॅमला लेंड्या धरून साठ मिलिलिटर, म्हणजे एका ग्रॅमला पंधरा, आणि आपण त्यातले ०.३० पाहतो, म्हणजे पन्नासावा भाग.

यासाठी महागडे रसायन लागत नाही, ही या पद्धतीची सर्वांत मोठी सोय. किराणा दुकानातले खडेमीठ कोमट पाण्यात विरघळेनासे होईपर्यंत घालायचे, निवू द्यायचे आणि वरचे नितळ पाणी घ्यायचे. या पाण्याची विशिष्ट घनता १.२० च्या आसपास असते आणि गोलकृमींची अंडी त्यात वर तरंगतात. स्लाइड भरून पाच मिनिटे स्थिर ठेवली की अंडी वरच्या पट्टीला जाऊन टेकतात, आणि लेंडीचा चोथा खाली राहतो. सूक्ष्मदर्शकाची नजर चौकोनाच्या रेघेवर स्थिर केली की त्याच पातळीवर अंडी दिसतात. लांबट गोल, पातळ कवचाची, आत द्राक्षाच्या घोसासारखा पेशींचा गोळा असलेली ही अंडी एकदा ओळखीची झाली की नवशिक्यालाही चुकत नाहीत. हवेचे बुडबुडे काळ्याभोर कडेचे असतात, त्यामुळे तेही वेगळे कळतात. मात्र स्लाइड भरल्यापासून तासाभराच्या आत मोजणी उरकावी. त्यानंतर मिठाचे खडे धरू लागतात आणि अंडी चेपून विद्रूप होतात.

मी काचेची आणि प्लास्टिकची अशा दोन्ही स्लाइड वापरल्या आहेत. काचेच्या स्लाइडवर रेघा अधिक स्वच्छ दिसतात, पण वाड्यावर नेताना जीव मुठीत धरावा लागतो. प्लास्टिकची स्लाइड धुळ्यात प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात सांगितल्यावर मागवून मिळाली. ती स्वस्त आहे, पडली तरी फुटत नाही, आणि कामाला पुरेशी अचूक आहे. तिच्यातली खोट म्हणजे चरे. खरबरीत कापडाने पुसली की आखणीचा चौकोन धूसर होतो, आणि चौकोनाच्या कडेवर बसलेले अंडे आत धरायचे की बाहेर, याचा घोळ सुरू होतो.

इथवर स्लाइडविषयी माझी तक्रार नाही. माझी खरी तक्रार आहे ती तिच्यासोबत येणाऱ्या माहितीपत्रकाविषयी. त्या चिटोऱ्यावर गुणायचा आकडा आहे, मिठाचे प्रमाण आहे, अंड्यांची चित्रे आहेत. पण औषधाआधीच्या आणि औषधानंतरच्या मोजणीवरून घट कशी काढायची, आणि ती घट औषधाचीच आहे हे कशावरून म्हणायचे, याविषयी एक ओळही नाही. आमच्या भागात ही स्लाइड घेणारे बहुतेक जण नेमके याच कामासाठी ती घेतात. म्हणून जे त्या पत्रकात असायला हवे होते ते इथे सविस्तर लिहितो.

पाच शेळ्यांचा एक कल्पित हिशेब घेऊ. औषधाआधी त्यांची प्रतिग्रॅम अंडी अनुक्रमे १२००, ८००, ६००, ३०० आणि १०० होती. चौदा दिवसांनी ती ५०, ०, ५०, ५० आणि १०० झाली. कळपाची बेरीज ३००० वरून २५० वर आली, म्हणजे घट सुमारे ९२ टक्के. आता प्रत्येक शेळीची टक्केवारी वेगळी काढून तिची सरासरी घेतली, तर ९५.८, १००, ९१.७, ८३.३ आणि ० यांची सरासरी ७४ च्या जवळपास येते. स्लाइड तीच, शेळ्या त्याच, औषध तेच. तरी एका हिशेबात औषध बऱ्यापैकी लागू पडले आणि दुसऱ्यात ते निकामी ठरले. प्रचलित रीत पहिली आहे : कळपाची आधीची आणि नंतरची साधी सरासरी काढायची आणि त्या दोहोंची तुलना करायची. कारणही सरळ आहे. कुरणात पडणारी बहुतेक अंडी थोड्या शेळ्यांची असतात. शेवटच्या शेळीची आधीची १०० म्हणजे स्लाइडवर प्रत्यक्ष दिसलेली दोन अंडी, आणि नंतरचीही दोनच. दोनाच्या जागी एक किंवा तीन दिसणे हा निव्वळ योगायोग असू शकतो. त्या शेळीच्या टक्केवारीला बाराशेच्या शेळीइतके वजन देणे योग्य नाही.

याच उदाहरणात दुसरी गोष्टही दडलेली आहे. कळपाची २५० अंडी म्हणजे स्लाइडवर प्रत्यक्ष दिसलेली फक्त पाच, आणि आधीची ३००० म्हणजे प्रत्यक्ष साठ. पाचाच्या जागी त्याच लेंड्यांतून दुसऱ्यांदा भरलेल्या स्लाइडवर दोन किंवा दहाही मिळाली असती, आणि मग घट ९७ टक्के निघाली असती किंवा ८३ टक्के. म्हणून नुसते "९२ टक्के" असे सांगणे अपुरे आहे; किती अंडी डोळ्यांनी मोजली हेही सांगितले पाहिजे. जागतिक पशुपरजीवीशास्त्र संघटनेच्या १९९२ च्या मार्गदर्शनात शेळ्यामेंढ्यांसाठी जी कसोटी दिली होती, तीत म्हणूनच दोन अटी होत्या : घट ९५ टक्क्यांपेक्षा कमी असणे, आणि त्या घटीच्या विश्वासमर्यादेची, म्हणजे योगायोग धरून खरी घट ज्या टप्प्यात असू शकते त्याची, खालची बाजू ९० च्या खाली असणे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच जंत औषधाला दाद देत नाहीत असे म्हणायचे. एकच पुरी झाली तर संशय म्हणून नोंद करायची. २०२३ मध्ये हे मार्गदर्शन नव्याने लिहिले गेले, आणि त्यात त्याच जनावरांची आधी आणि नंतर मोजणी करण्यावर, तसेच सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष मोजलेल्या अंड्यांची एकूण संख्या पुरेशी असण्यावर भर दिला आहे. या बदलामुळे मी आता प्रत्येक नमुन्याची एकच स्लाइड न भरता दोन किंवा तीन भरतो. वेळ जातो, पण आकड्यावर पाय रोवून उभे राहता येते.

पन्नासचा गुणक हीच या स्लाइडची मुख्य मर्यादा आहे. स्लाइडवर काहीच दिसले नाही म्हणजे शेळीत जंत नाहीत असे नव्हे. औषधाआधी हे फारसे बिघडवत नाही, पण औषधानंतर अंडी थोडी असतात आणि नेमकी तेव्हाच ही जाड चाळण त्यातली बरीच सोडून देते, म्हणून घट आहे त्याहून मोठी दिसू शकते. इटलीतल्या नेपल्स येथे विकसित झालेले मिनी-फ्लोटॅक हे साधन याबाबतीत सरस आहे. त्यात दोन मिलिलिटर द्रव पाहिला जातो आणि एक अंडे प्रतिग्रॅम पाच अंड्यांबरोबर धरतात. संशोधनासाठी काम करणाऱ्याने तेच घ्यावे. वाड्यावरच्या निर्णयासाठी मात्र दोन-तीन वेळा भरलेली मॅकमास्टर स्लाइड पुरते, असे माझे मत आहे.

आता खान्देशाच्या उन्हाचा भाग, जो कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. जंतांच्या अंड्यांना ऊब आणि ओल मिळाली की ती उबतात, आणि आपल्याकडच्या तापमानात एका दिवसात त्यांतून अळ्या बाहेर पडू शकतात. लेंड्यांची पिशवी मोटारसायकलच्या डिकीत टाकून शिरपूरहून धुळ्याला नेली, वाटेत दोन कामे केली, रात्री घरी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मोजली, तर अंडी कमीच भरणार. आणि ती घट औषधाने केलेली नसते, पिशवीतच झालेली असते. आधीचा नमुना ताजा मोजला आणि नंतरचा उन्हातून आला, तर निकामी औषधही नामी ठरेल. म्हणून नमुना हातमोजा घालून थेट गुदद्वारातून घ्यावा, पिशवीतली हवा दाबून काढावी, पिशवीला गाठ मारावी आणि बर्फाच्या बाटलीशेजारी, पण बर्फाला न टेकवता, थंड डब्यात ठेवावी. गोठवू नये, गोठलेल्या नमुन्यातही अंडी बिघडतात. दोन्ही वेळचे नमुने सारख्याच वेळात आणि सारख्याच रीतीने तपासावेत.

ऋतूही घट घडवतो. समजा, पावसाळा सरताना औषध पाजले आणि कळपाची अंडी १००० वरून १२० झाली. घट ८८ टक्के, म्हणून आपण समाधान मानले. पण त्याच वाड्यातल्या, त्याच कुरणात चरणाऱ्या आणि औषध न पाजलेल्या शेळ्यांची अंडीही याच काळात १००० वरून ६०० वर आली असतील, तर औषधाचा खरा वाटा ६०० च्या तुलनेत मोजावा लागतो, आणि तो ८० टक्केच निघतो. पावसाच्या तोंडावर याच्या उलट घडते : औषध न पाजलेल्यांची अंडी चढत असतात, आणि त्यांच्याशी न ताडता पाहिले तर चांगले औषधही कमजोर वाटते. काही शेळ्या औषधाविना ठेवणे मालकाला पटत नाही, आणि अंगावर लक्षणे असलेल्या शेळीला तसे ठेवूही नये. पण ज्यांच्या पापणीची आतली बाजू लालसर आहे, ज्या खातात-पितात, अशा थोड्या शेळ्या दोन आठवडे थांबवता येतात. पापणीचा रंग जोखण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला फमाचा तक्ता वापरतात. त्यात एक ते पाच असे रंग आहेत, पाच म्हणजे पांढरीफटक. रक्त पिणाऱ्या हिमोंकस जंतासाठी हा तक्ता फार उपयोगी आहे, कारण तो एकेक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो आणि पोटात हजारो असले की शेळी फिकट पडते.

सर्वांत फसवी घट निवडीतून येते. साक्री तालुक्यातल्या ठेलारी मेंढपाळांच्या एका वाड्यावर मी सगळ्या शेळ्या तपासल्या, तेव्हा घरच्या आजींनी स्वतः पुढे होऊन एकेका शेळीची कासरी धरली होती. जिच्या नमुन्यात सर्वांत जास्त अंडी निघाली ती चंद्री त्यांची लाडकी, आणि फक्त तिलाच औषध पाजा असा त्यांचा आग्रह होता. मागच्या खेपेविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "दवाई पाजी, पन फरक काय पडना नही, भाऊ." चंद्रीला औषध द्यायलाच हवे होते, यात वाद नव्हता. पण औषधाची पारख एकट्या चंद्रीवरून करता येत नाही, हे मी आजींना तिथेच समजावले. सगळ्यांत वर आलेला आकडा काही अंशी त्या दिवशीच्या योगायोगानेही वर आलेला असतो. त्याच शेळीला नुसते पाणी पाजून पुन्हा मोजले, तरी तो बहुधा खाली येतो. म्हणून औषधाची कसोटी घ्यायची तर शेळ्या आधी निवडायच्या, मोजणीनंतर नाही, आणि निदान दहा-पंधरा तरी घ्यायच्या. आजींनी ते ऐकून घेतले आणि आपल्या हाताने बारा शेळ्यांच्या गळ्यात रंगीत दोरे बांधले, म्हणजे चौदा दिवसांनी त्याच शेळ्या सापडाव्यात.

चौदा दिवस का, हे मला अनेकदा विचारले जाते. लिव्हामिसोल पाजल्यावर तीन ते सात दिवसांत, अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोलसारख्या औषधानंतर आठ ते दहा दिवसांत, आणि आयव्हरमेक्टिननंतर चौदा ते सतरा दिवसांत दुसरी मोजणी करावी. लवकर मोजले तर काही औषधांनी मादी जंत मरत नाहीत, पण तात्पुरती अंडी घालणे थांबवतात, आणि घट खोटीच मोठी दिसते. फार उशीर केला तर पोटात नव्याने गेलेल्या अळ्या सुमारे तीन आठवड्यांत वाढून अंडी घालू लागतात, आणि औषध उगाच बदनाम होते. अनेक औषधांची एकत्र तुलना असेल, तर चौदा दिवस सर्वांना सोयीचे पडतात. मात्रेविषयीही एवढे लक्षात असू द्यावे की शेळीचे शरीर बरीच जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर निकामी करते, म्हणून बाटलीवरची मेंढीची मात्रा तिला अनेकदा अपुरी पडते. वजन अंदाजाने धरून कमी मात्रा दिली, तर मोजलेली कमी घट जंतांच्या प्रतिकाराची की आपल्या हाताची, हे कळणार नाही. शेळी काट्यावर चढवावी आणि मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

ज्या शेळीला हगवण लागलेली आहे तिच्या पातळ विष्ठेत पाणी जास्त असते, त्यामुळे एका ग्रॅममध्ये अंडी कमी दिसतात. औषधानंतर लेंड्या बांधल्या गेल्या की तीच अंडी दाट होतात. अशा शेळीच्या आकड्यात उतार-चढ दोन्ही फसवे असतात, म्हणून नोंदवहीत आकड्याशेजारी "पातळ", "मऊ" किंवा "लेंडी" असा शेरा लिहावा.

हा हिशेब फक्त शेळ्यांपुरता नाही. भारतात २०१५ पासून शाळा आणि अंगणवाड्यांत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. माणसांतही औषधाचा परिणाम दोन तऱ्हेने मोजतात : किती जणांच्या तपासणीत अंडी पूर्ण नाहीशी झाली, आणि एकूण अंडी किती टक्क्यांनी घटली. हे दोन आकडे एकमेकांपासून खूप दूर असू शकतात. दहापैकी चारच जण पूर्ण मोकळे झाले, तरी बाकीच्यांची अंडी इतकी कमी झालेली असू शकतात की एकूण घट नव्वदच्या वर निघते. कोणता आकडा सांगितला जातो आहे, हे आधी विचारावे.

स्लाइडच्या आणखी दोन मर्यादा घेणाऱ्याला माहीत असाव्यात. हिमोंकस आणि त्याच्या बरोबरच्या इतर गोलकृमींची अंडी इतकी सारखी असतात की ती या स्लाइडवर वेगळी करता येत नाहीत. त्यासाठी लेंड्यांतून अळ्या वाढवाव्या लागतात आणि ती सोय मोठ्या प्रयोगशाळेत मिळते. दुसरे, पानकृमीची, म्हणजे यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी जड असतात आणि मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. गिरणा, पांझरा यांच्या कालव्यांवर आणि पाणथळ बांधांवर चरणाऱ्या जनावरांत गोगलगायींमुळे हा जंत आढळतो, आणि स्लाइडवर शून्य आले म्हणून अशा कळपाला निर्धास्त ठरवणे धोक्याचे आहे. त्यांच्यासाठी गाळ बसवून पाहण्याची वेगळी तपासणी करून घ्यावी.

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे आणि वीस-पंचवीसच्या वर शेळ्या आहेत, अशा पालकांनी, शेतकरी गटांनी आणि गावोगाव फिरणाऱ्या पशुवैद्यकांनी ही स्लाइड जरूर घ्यावी. एकाच वाड्यातून दहा-बारा नमुने येतात, म्हणून एक न घेता तीन घ्याव्यात. एक भरून स्थिर होत असताना दुसरीवर मोजणी करता येते. सूक्ष्मदर्शक नसेल तर स्लाइड विकत घेण्यात अर्थ नाही. जवळच्या पशुवैद्यकीय तपासणी केंद्रात नमुने द्यावेत, मात्र पैसे भरताना "जंत आढळले" एवढ्या शेऱ्यावर न थांबता प्रतिग्रॅम आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेली अंडी दोन्ही लिहून मागावीत. मोजणी झाल्याबरोबर स्लाइड साध्या पाण्याखाली धरावी, पोकळीतले मीठ निघेपर्यंत पिपेटने पाणी खेळवावे आणि न पुसता सावलीत उभी सुकू द्यावी. मीठ आत वाळले तर पुढच्या खेपेस चौकोनाच्या रेघा दिसत नाहीत.